अफगाण हाउंड पाळायचा विचार आहे? मग आधी हे वाचा

अफगाण हाउंडला हाक मारली की तो आधी मान वळवून बघतो. हाक ऐकू आलेली असते, आपल्यालाच बोलावलंय हेही कळलेलं असतं. यायचं की नाही, ते मात्र तो स्वतः ठरवतो. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याला हा हट्टीपणा वाटतो आणि इथूनच त्या दोघांचं बिनसायला लागतं. मी बरीच वर्षं या कुत्र्यांसोबत राहते आहे. नवीन माणसाला मी केसांबद्दल नंतर सांगते, आधी हे सांगते: या कुत्र्याला हुकूम देऊन काही मिळत नाही, त्याचं मन वळवावं लागतं. विंचरण्यापासून जेवण्यापर्यंत सगळीकडे हेच लागू पडतं.

यामागे त्याचं मूळ काम आहे. अफगाणिस्तानात याला ताझी म्हणतात. हा वासावर माग काढत जाणारा कुत्रा नाही. दूरवर हलणारं सावज नजरेने हेरायचं आणि वाऱ्यासारखं धावून गाठायचं, ही त्याची रीत. अशा कुत्र्यांना साइटहाउंड म्हणतात. डोंगराळ मुलखात कुत्रा धावत सुटला की शिकारी कुठल्या कुठे मागे राहायचा. सावज कुठे वळलं, कुठून आडवं जायचं, कुठली घळ उडी मारून ओलांडायची, हे विचारायला शेजारी माणूस नसायचा. जो कुत्रा स्वतः निर्णय घ्यायचा, तोच उपयोगाचा ठरायचा. शेकडो वर्षं असाच स्वभाव जपला गेला, आणि आज आपण त्याच्याकडून ‘बस’ म्हटल्यावर लगेच बसायची अपेक्षा करतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या, आज्ञाधारकपणावरून लावलेल्या जातींच्या एका गाजलेल्या यादीत अफगाण सर्वांत शेवटी होता. त्यावरून त्याला मंद म्हणणारे लोक मला भेटतात तेव्हा वाईट वाटतं. दाराची कडी उघडायला शिकलेले अफगाण मी पाहिलेत. शिकवलं कोणीच नव्हतं, त्यांना बाहेर जायचं होतं इतकंच.

आज आपल्याला दिसणारा अफगाण घडला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये. १९०७ मध्ये झारदिन नावाचा कुत्रा लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात जिंकला आणि त्याच्याच रूपावरून जातीचं पहिलं वर्णन लिहिलं गेलं. पुढे १९२० मध्ये मेजर बेल-मरे यांचे कुत्रे स्कॉटलंडला आले. ते मैदानी, उंच आणि कमी केसांचे होते. १९२५ मध्ये मेरी अॅम्प्स यांनी काबूलहून ‘गझनी’ घराण्यातले कुत्रे आणले. ते डोंगरी, आटोपशीर बांध्याचे आणि दाट केसांचे होते. या दोन्ही घराण्यांच्या मिश्रणातून आजची जात आली. एकाच वेतातल्या दोन भावंडांच्या केसांत जमीनअस्मानाचा फरक दिसला, तर गोंधळून जाऊ नका.

घरी आणण्याआधी

नर खांद्यापाशी साधारण ६८ ते ७४ सेंटिमीटर उंच असतो, मादी ६३ ते ६९. वजन मात्र २३ ते २७ किलोच्या आसपास. म्हणजे उंची मोठ्या कुत्र्याची आणि अंगात चरबी जवळजवळ नाही. त्यामुळे त्याला कडक जमिनीवर झोपवू नका. कोपरं आणि कमरेची हाडं टोचतात, तिथली कातडी जाड होते, कधी सुजते. जाड गादी ही चैन समजू नका, ती पहिल्या दिवसापासून लागते.

कुंपण किमान ६ फूट उंच हवं. तरुण अफगाण उभ्या जागेवरून किती उंच उडी मारतो, याचा अंदाज लोकांना येत नाही. कुंपणाखालची फट आणि फाटकाची कडीही तपासून घ्या. अंगण नसेल तरी हा कुत्रा पाळता येतो. घरात तो शांत असतो, दिवसाचा बराचसा वेळ झोपून काढतो. पण मग रोज बाहेर नेण्याची जबाबदारी पूर्णपणे तुमची.

आता घड्याळाचा हिशोब करा. आठवड्यातून दोन-तीनदा विंचरणं, दर आठ ते पंधरा दिवसांनी आंघोळ, आणि एका आंघोळीला वाळवण्यासकट दोन-तीन तास. रोजचा तासभर व्यायाम वेगळा. हे बारा-एक वर्षं चालणार आहे. घरातल्या एकाच माणसाच्या उत्साहावर हे ढकलू नका. तो माणूस आजारी पडला तर विंचरणार कोण, हे आधीच ठरवून ठेवा.

घरात मांजर, ससा किंवा कोंबड्या असतील तर पुन्हा एकदा विचार करा. लहानपणापासून मांजरासोबत वाढलेला अफगाण घरातल्या मांजरापाशी गुण्यागोविंदाने झोपतो. तेच मांजर अंगणात पळताना दिसलं, तर त्याच्या डोळ्यांना ते सावज दिसतं. यात त्याचा दोष नाही.

पिल्लू निवडताना

पिल्लाला आईजवळ बघा. आई अनोळखी माणसापासून थोडी अलिप्त राहिली तर काळजी नाही, तो जातीचाच स्वभाव आहे. पण ती कोपऱ्यात दडत असेल, अंगावर येत असेल, तर परत फिरा. आईवडिलांचे डोळे मोतीबिंदूसाठी तपासले आहेत का, खुब्यांचे एक्स-रे आणि थायरॉइडच्या तपासण्या झाल्या आहेत का, हे स्पष्ट विचारा आणि कागद बघायला मागा. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये.

अफगाणचं पिल्लू पाहून बरेच जण हिरमुसतात. त्याला लांब केस नसतात. तोंडाभोवती माकडासारख्या मऊ दाढीमिशा असतात, पाय लांबलचक, पंजे अंगाला न शोभणारे. दाढीमिशा वर्षभरात आपोआप झडतात. रंगही बदलतो, त्यामुळे रंगावर पैज लावू नका.

मोठा झालेला, आधीचं घर सुटलेला कुत्रा घेणं हाही चांगला मार्ग आहे, आणि नोकरी करणाऱ्या माणसाला मी तोच आधी सुचवते. फक्त असा कुत्रा पहिले काही आठवडे तुमच्याकडे पाहणारही नाही. त्याला तसं राहू द्या. एके दिवशी तो येऊन तुमच्या मांडीवर लांब नाक ठेवील. त्याआधी गळ्यात पडायला जाल तर आणखी दोन आठवडे मागे जाल.

केस नसतानाच विंचरायला शिकवा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. पिल्लू दहा आठवड्यांचं असताना त्याच्या अंगावर विंचरण्यासारखं काहीच नसतं, म्हणून लोक थांबतात. मग वर्षाच्या सुमाराला केस वाढतात, गुंते होतात, आणि २५ किलोच्या कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर झोपवून त्याचे केस ओढले जातात. तो घाबरतो, तुम्ही चिडता. पुढची दहा वर्षं ब्रश दिसला की तो पलंगाखाली जातो.

त्यापेक्षा रोज पाच मिनिटं द्या. न घसरणारं टेबल घ्या किंवा जमिनीवर चटई घाला. पिल्लाला कुशीवर झोपायला शिकवा: आधी नुसतं झोपलं तरी खाऊ, मग पंजा हातात घेऊ दिला तरी खाऊ, मग कान उचलू दिला, पोटावरून ब्रश फिरवू दिला. ड्रायर नुसता शेजारच्या खोलीत चालू ठेवा, मग थोडा जवळ आणा. नखांना कात्री लावायच्या आधी नुसती टेकवून बघा. तो उठायला लागायच्या आत तुम्हीच थांबा. हा शेवटचा नियम मला सर्वांत उशिरा कळला. माझी पहिली कुत्री नूर टेबलावरून उतरायला धडपडायची आणि मी तिला धरून ठेवायचे. धरून ठेवल्याने तिला एवढंच कळलं की इथे आपल्याला धरून ठेवतात. दुसऱ्या पिल्लाच्या वेळी मी दोन मिनिटांवर थांबत गेले. चार महिन्यांत ते टेबलावर घोरायला लागलं.

केस बदलण्याचा काळ

साधारण नऊ-दहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत पिल्लाचे केस जाऊन मोठेपणीचे केस येतात. जुने केस गळून खाली न पडता नव्या केसांत अडकतात. काल संध्याकाळी विंचरलेला कुत्रा आज सकाळी गुंत्यांनी भरलेला दिसतो. या काळात रोज विंचरावं लागतं, त्याला पर्याय नाही. हे कायमचं नसतं, दोन वर्षांनंतर केसांची पोत बसते आणि काम बरंच हलकं होतं.

याच काळात पाठीवरचे लांब केस झडून मानेपासून शेपटीपर्यंत आखूड, चमकदार केसांचा पट्टा दिसू लागतो. त्याला सॅडल म्हणतात. तो निसर्गतःच तयार होतो. कात्री किंवा मशीन लावून तो बनवू नका. सुटलेले जुने केस बोटांनी अलगद काढले तरी पुरे. पायांच्या मनगटांपाशी काही कुत्र्यांना केस नसतात, तेही नैसर्गिक आहे.

विंचरण्याची रीत

साहित्य थोडंच लागतं: पिनांच्या टोकाला गोळ्या नसलेला पिन ब्रश, विरळ आणि दाट दात असलेला धातूचा कंगवा, आणि स्प्रेच्या बाटलीत पाण्यात थोडंसं कंडिशनर. कोरड्या केसांवर ब्रश चालवायचा नाही. कोरडा केस तुटतो आणि तुटलेल्या टोकांपासूनच नवे गुंते सुरू होतात.

कुत्र्याला कुशीवर झोपवा. पायाच्या खालच्या बाजूपासून किंवा पोटापासून सुरुवात करा. वरचे सगळे केस एका हाताने वर धरून ठेवा आणि खाली बोटभर रुंदीची एक ओळ मोकळी सोडा, कातडी दिसली पाहिजे. त्या ओळीवर फवारा मारा आणि मुळापासून टोकापर्यंत ब्रश फिरवा. मग वरच्या केसांतून पुढची ओळ खाली सोडा. असं वर वर सरकत पाठीपर्यंत या, नंतर कूस बदला. नवखा माणूस वरवर ब्रश फिरवतो. केस रेशमासारखे दिसतात, पण आत कातडीलगत नमद्यासारखा थर तयार होत असतो. खात्री करायची तर शेवटी कंगवा कातडीपासून फिरवून बघा. कुठेच अडकला नाही, तर काम झालं.

गुंते ठरलेल्या जागी होतात: कानांच्या मागे, काखांत, कोपरांपाशी, मांड्यांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि पट्ट्याखाली. या जागा रोज हाताने चाचपा. गुंता सापडला तर त्यावर कंडिशनर चोळा, तो बोटांनी उभा फाडून दोन भाग करा, मग चार. विंचरताना केसांची मुळं दुसऱ्या हाताने घट्ट धरा म्हणजे कातडीला ओढ बसत नाही. पंधरा मिनिटांत सुटला नाही तर तो कापून टाका. केस पुन्हा येतात, पण त्या दुखण्यामुळे कुत्र्याचा उडालेला विश्वास परत यायला फार वेळ लागतो.

दर आठवड्याला इतका वेळ देणं जमेनासं झालं तर सगळे केस दोन-तीन इंचांवर कापून घ्या. प्रदर्शनात न उतरणाऱ्या कुत्र्याला आखूड केसांनी काहीही बिघडत नाही, आणि अपराधी वाटून घेऊ नका. गुंत्यांखाली ओल साठून कातडी चिघळलेले कुत्रे मी पाहिलेत. त्यांना तुमच्या हौसेची किंमत मोजावी लागते. एक लक्षात ठेवा, नसबंदीनंतर बऱ्याच कुत्र्यांचे केस लोकरीसारखे मऊ होतात आणि जास्त गुंततात.

आंघोळ

आंघोळीआधी पूर्ण विंचरा. गुंत्यावर पाणी पडलं की तो आवळतो आणि मग कात्रीच लागते. पाणी कोमट असावं. शांपू बाटलीतून थेट न ओतता मगभर पाण्यात पातळ करून घ्या. केस वरून खाली, ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने हाताने निपटत जा. कपडे धुतल्यासारखं गोल गोल चोळायचं नाही. शांपू निघाला असं वाटल्यावर आणखी तेवढाच वेळ पाणी घाला, कारण राहिलेल्या शांपूने खाज सुटते आणि केस चिकट होतात. मग कंडिशनर, पुन्हा पाणी. टॉवेलने पुसू नका. केस मुठीत धरून दाबा आणि पाणी पिळून काढा. ड्रायर मध्यम उष्णतेवर ठेवून, हवा पडते तिथेच ब्रश फिरवत वाळवा. अर्धवट ओला अफगाण घरभर फिरायला सोडला तर सगळी मेहनत वाया जाते.

कान लोंबते असल्याने आत हवा खेळत नाही. आठवड्यातून एकदा कान उचलून वास घ्या. आंबूस वास किंवा काळपट मळ दिसला तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवा.

बाहेर नेताना

कुंपण नसलेल्या जागेत अफगाणचा पट्टा सोडू नका. कितीही शिकवलेला असो, कितीही प्रेमळ असो. धावताना त्याचे चारही पाय एका झेपेत दोनदा जमिनीवरून सुटतात, एकदा अंग आखडलेलं असताना आणि एकदा पूर्ण ताणलेलं असताना. सावजावर नजर खिळली की तुमची हाक त्याच्या लेखी नसतेच. नूर एकदा अर्धवट लागलेल्या फाटकातून निसटली. मी तिच्यामागे ओरडत धावले, आणि ती चूक होती. तिला वाटलं मीही शिकारीत आहे. शेवटी दमून मी रस्त्याकडेला खाली बसले, तोंड दुसरीकडे केलं, तेव्हा पाचेक मिनिटांनी ती स्वतःच येऊन शेजारी उभी राहिली. तुमचा कुत्रा सुटला तर पाठलाग करू नका. खाली बसा किंवा उलट दिशेला पळा. आणि परत आल्यावर, मनात कितीही धास्ती असली, तरी रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी तो येणार नाही.

गळ्याचा पट्टा रुंद हवा. या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, त्यामुळे साधा पट्टा मागे सरकला की सहज निघतो. ओढल्यावर मर्यादेपर्यंतच आवळणारा मार्टिंगेल पट्टा सर्वांत सोयीचा. लांब, आपोआप गुंडाळणारी दोरी टाळा. त्या दोरीच्या टोकापर्यंत पूर्ण वेगाने धावलेल्या कुत्र्याच्या मानेला जबर हिसका बसतो.

रोज तासभर चालणं आणि आठवड्यातून काही वेळा बंदिस्त मैदानात मनसोक्त धावणं, एवढं मिळालं की तो घरात शांत राहतो. दीड वर्षाचा होईपर्यंत सायकलसोबत पळवणं किंवा उंच उड्या नकोत, हाडं अजून वाढत असतात. यंत्राने ओढलेल्या कृत्रिम सावजामागे धावण्याचा ल्युअर कोर्सिंग हा खेळ जवळपास होत असेल तर एकदा अवश्य न्या. एरवी सोफ्यावर आळसावलेला तुमचा कुत्रा त्या मैदानावर ओळखू येणार नाही.

बोलावल्यावर येणं शिकवायचंच, पण बंदिस्त जागेत आणि पाच पाच मिनिटांत. एकच गोष्ट दहा वेळा करून घेतली तर तो निघून जातो. आला की त्याच्या आवडीचं खाणं द्या आणि लगेच पुन्हा मोकळा सोडा, म्हणजे ‘गेलो की खेळ संपतो’ हे त्याच्या मनात बसत नाही.

खाणं

बरेच अफगाण खाण्याच्या बाबतीत चोखंदळ असतात. भांडं ठेवा, वीस मिनिटांनी उचला. प्रत्येक नकाराला नवा पदार्थ देत गेलात तर महिन्याभरात तो तुम्हाला शिकवून ठेवील. कमरेची दोन हाडं वर आलेली दिसणं ही या जातीची खूण आहे, म्हणून शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून त्याला जाड करू नका. बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या सहज लागल्या पाहिजेत, पण खड्डे दिसता कामा नयेत.

जेवताना कानाचे केस भांड्यात पडतात, आणि अन्न लागलेले केस कुत्रा चावून तोडतो. त्यासाठी डोक्यावरून सरकवायची सैल कापडी नळी मिळते, तिला स्नूड म्हणतात. जुन्या मोज्याचं टोक कापूनही ती होते. जेवण झालं की लगेच काढा.

दिवसातून दोनदा थोडं थोडं द्या, आणि जेवणाच्या आधी व नंतर तासभर पळवू नका. खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. पोट ताठ झालं, उलटीचे उमाळे येताहेत पण बाहेर काही पडत नाही, कुत्रा एका जागी बसत नाही, अशी लक्षणं दिसली तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी दवाखाना गाठा.

डॉक्टरांना आठवणीने सांगा

भूल द्यायची असेल तर हा साइटहाउंड आहे, हे तुम्ही स्वतः बोलून दाखवा. अंगात चरबी कमी असल्याने आणि काही औषधं शरीरातून सावकाश निघत असल्याने या गटातल्या कुत्र्यांना भुलीचा परिणाम जास्त वेळ राहू शकतो. थायोपेंटाल हे जुनं औषध त्यांच्यासाठी टाळतात. भुलीनंतर त्यांचं अंग लवकर गार पडतं, म्हणून पांघरूण न्या. रक्ततपासणीत थायरॉइडचा आकडा इतर जातींपेक्षा कमी येणं साइटहाउंडमध्ये नेहमीचं आहे. एका आकड्यावरून औषध सुरू करू नका, पूर्ण तपासणी करून घ्या.

छातीत दुधाळ द्रव साठण्याचा कायलोथोरॅक्स हा आजार अफगाणमध्ये इतर जातींपेक्षा जास्त दिसतो. धाप लागणं, खोकला, पूर्वीसारखं न धावणं ही त्याची लक्षणं. तरुण वयात मोतीबिंदूही होतो. वर्षाच्या आतल्या पिल्लाचे मागचे पाय लटपटायला लागले तर पाठीच्या कण्याचा आनुवंशिक आजार असू शकतो, तेव्हा आठवडाभर थांबून बघू नका.

म्हातारपण

दहाव्या वर्षाच्या आसपास कुत्र्याला टेबलावर तासभर झोपणं जड जाऊ लागतं. तेव्हा विंचरणं तीन-चार भागांत वाटून घ्या: आज पुढचे पाय, उद्या कान. पोटाचे आणि मांड्यांच्या आतले केस कापून टाका, कोणाला दिसतही नाहीत. पंजांखालचे केस आखूड ठेवा, कारण गुळगुळीत फरशीवर त्या केसांमुळेच पाय घसरतो. तो ज्या वाटेने गादीकडून दारापर्यंत जातो तिथे सतरंजी अंथरा, आणि पाण्याचं भांडं गादीजवळ आणून ठेवा म्हणजे रात्री त्याला अंधारात चालत जावं लागणार नाही.